खरवडलेली ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. एका रागावलेल्या जोगिणीची गोष्ट सांगायची आहे, आणि ऐकता ऐकता तुमचंही डोकं तापलं तर बोल मला लावू नका.

फ्लोरेन्स शहराच्या वर, दोन दिवसांच्या चालीवर, चेस्टनटच्या रानात जोगिणींचा एक मठ होता. बाकीच्या जोगिणी उंबरठा ओलांडत नसत. बाजारहाट, मेण विकणं, निरोप पोचवणं, सगळं नास्ताझियाकडं. बाई पन्नाशी उलटलेली, टाचांना भेगा, जिभेला धार. पण गायला लागली की गाभाऱ्यातल्या मेणबत्त्यासुद्धा ऐकत उभ्या आहेत असं वाटावं. मठाच्या आईसाहेब म्हणत, देवानं एकाच गळ्यात मध आणि मिरे दोन्ही कसे भरले, तोच जाणे.

मठात एक जुनं पुस्तक होतं. कातड्याच्या पानांचं, कुणा रोमन वक्त्याच्या भाषणांचं. त्यातलं लॅटिन कुणालाच धड उमगत नसे. पण शेवटच्या पानावर, मजकूर संपल्यावर, तो उतरवून काढणारीनं स्वतःची एक ओळ घातली होती: ‘हे मी, या मठातली दासी रोट्लिंदा, हिवाळ्यात लिहिलं, बोटं फार दुखली, वाचणाऱ्यानं माझ्यासाठी एक प्रार्थना म्हणावी.’ दर वर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ते पान उघडून ही ओळ गायली जाई. नुसती वाचायची नाही, स्तोत्राच्या चालीवर गायची. रोट्लिंदा कुणाची लेक, कधी वारली, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिच्या नावापाशी सगळ्यांचा आवाज वर चढे आणि नास्ताझियाच्या अंगावर दर खेपेला काटा येई.

ते पुस्तक मेस्सेर, म्हणजे तिकडचे रावसाहेब, ओर्मान्नो नक्कल करायला घेऊन गेला. फ्लोरेन्सातला नावाजलेला विद्वान. घोड्यावर बसून मठोमठ हिंडायचा आणि उंदरांच्या तोंडातून पुस्तकं सोडवून आणायचा. बोलायचाही असा की ऐकणाऱ्यानं पाणी प्यायचं विसरावं. माणूस ही देवाची सगळ्यांत देखणी करणी आहे, म्हणायचा. त्याला पुन्हा ताठ उभा करायचा असेल तर मधल्या काळातल्या ऐकीव गोष्टी टाका आणि मुळाशी जा, जुन्यांनी स्वतः काय लिहिलं ते आपल्या डोळ्यांनी वाचा. नास्ताझिया भारली. आईसाहेब पुस्तक द्यायला कां-कूं करत होत्या. तिनंच मध्ये पडून शब्द टाकला, माणूस खरा आहे, द्या म्हणून.

ऑक्टोबर सरता सरता पुस्तक परत आलं. लाल कातड्याची बांधणी, चांदीच्या कड्या. जोगिणी त्यावरून हात फिरवून हरखल्या. नास्ताझियानं शेवटचं पान उघडलं. जिथं रोट्लिंदा होती तिथं कातडं पांढरं पडलं होतं, चाकूनं खरवडल्यासारखं खरखरीत. खाली कुणीतरी ताज्या शाईनं लिहिलं होतं: ‘प्राचीन रोमनांच्या हातचं.’

तिनं पुस्तक मिटलं. आईसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, तेही तिला सोसलं नाही. मृतांच्या दिवसाला आठवडा उरला होता. तिनं पुस्तक शालीत बांधलं, शिळी भाकर कमरेला खोचली आणि निघाली. वाटेत भेटलेल्या खेचरवाल्यानं विचारलं, ताई, कुणाच्या मयताला? ती म्हणाली, अजून ठरायचंय.

फ्लोरेन्सात ओर्मान्नो दुपारी नेन्चोच्या दुकानात बसे. नेन्चो कातडी कमावून लिहायची पानं करून विकणारा, बुटका, सगळ्यांना हो म्हणणारा. त्या दिवशी दुकानात पाच-सात सरदार-सावकार फळ्या मांडीवर घेऊन अक्षर गिरवत होते. रोट्लिंदाचं अक्षर. गोल, मोकळं, एकमेकांना जागा देणारं. ओर्मान्नो सांगत होता की आपल्या बापजाद्यांची काटेरी अक्षरं रानट्यांची. हे पाहा, रोमन माणूस असा लिहायचा. शहराचे कागद याच अक्षरात निघायला लागले होते, आणि शंभरावर पुस्तकं उतरवून झाली होती.

नास्ताझियानं पुस्तक त्याच्यापुढं आपटलं.

“ओळ कुठंय?”

ओर्मान्नोनं आधी तिला ओळखलंच नाही. मग हसला, खुर्ची द्यायला सांगितली. ती बसली नाही. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की पुस्तक हजारावर वर्षांचं आहे. पुढं कधीतरी कुणी अडाण्यानं त्यावर चार शब्द ओढले होते, ते त्यानं साफ करून घेतले. मठाचा मानच वाढला म्हणायचा.

“अडाणी नव्हती ती. आमची रोट्लिंदा होती. सगळं पुस्तक तिनं लिहिलंय.”

एक सावकार फिसकन हसला. म्हणजे आम्ही बायकांची अक्षरं गिरवतोय की काय, म्हणाला, आता घरी गेल्यावर सूत काततो. दुकानभर हशा पिकला. ओर्मान्नोही हसला, पण त्याचा हात पुस्तकावर येऊन थांबला होता, आणि ते तिनं पाहिलं.

“ताई,” तो हळू म्हणाला, “एवढी सुघड अक्षरं, एवढं शुद्ध लॅटिन. डोंगरातल्या जोगिणीकडून हे कसं व्हावं?”

आता तिचा ताबा सुटला. ती ओरडली नाही; आवाज उलट खाली गेला. मठाच्या अंगणात उभा राहून तू काय बोलला होतास, तिनं विचारलं. माणूस म्हणजे देवाची करणी. ऐकीव टाका, मुळाशी जा. मी तुझ्या शब्दावर माझा शब्द खर्ची घातला. आणि मूळ हातात आल्यावर तू चाकू काढलास? माणूस म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं फक्त झगेवाले रोमन येतात काय रे? जिची बोटं दुखली ती कोण, मांजर?

ओर्मान्नोचा चेहरा लाल झाला. पुरावा दाखव, म्हणाला.

तिनं पुस्तक उचललं, दुकानाच्या दारात गेली आणि शेवटचं पान उन्हासमोर धरलं. खरवडलेल्या जागेत, कातड्याच्या आत, पिवळट रेघा उमटल्या. जुनी शाई कातड्यात शिरलेली असते. चाकू वरचं नेतो, आतलं राहतं. ओर्मान्नो उठून आला. त्याला पाहायचं नव्हतं, पण वाचायची सवय आयुष्यभराची. ओठ हलू लागले. रो... ट्लिं...

“म्हणून काय झालं,” तो म्हणाला, “ही ओळ नंतरची असेल. दुसऱ्या हातची.”

तेव्हा नेन्चोनं खाकरून घसा साफ केला. सगळ्यांना हो म्हणणारा माणूस खाली बघत बोलला, “मेस्सेर, खरवडली मीच. त्याच दिवशी सांगणार होतो. शाई तीच, लेखणी तीच, कातडंही तेच. एका बैठकीतलं काम आहे ते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

कुणी हसलं नाही. ओर्मान्नो तिच्याजवळ सरकला. मग म्हणाला की हे बाहेर फुटलं तर आपण ज्याला रोमन म्हणून शिकवलं ते सगळं हसण्यावारी जाईल. नवीन विद्या नुकती कुठं उभी राहतेय. मठाला नवी घंटा देतो. पुस्तकं देतो.

“लिहून दे,” नास्ताझिया म्हणाली. “तिचं नाव, तिच्या जागी, तुझ्या हातानं.”

“ते माझ्यानं होणार नाही.”

“मग धर पान.”

तिनं नेन्चोकडून शिशाची कांडी घेतली. ओर्मान्नोनं, देव जाणे का, खरोखर पान धरलं. दोन्ही हातांनी, उन्हाकडं ताणून. तिला लिहायची सवय नव्हती. आत दिसणाऱ्या एकेका रेघेवरून ती शिसं ओढत गेली. मधेच एक अक्षर पुसट होतं, ती अडली. ते अक्षर ओर्मान्नोनं सांगितलं. पुढंही दोनदा सांगितलं. मग फळीवर पान टेकवून तिनं वरून शाई भरली. ‘प्राचीन रोमनांच्या हातचं’ या शब्दांवर जाड रेघ मारली, आणि पुस्तक शालीत बांधून, आभार न मानता, डोंगराची वाट धरली.

मृतांच्या दिवशी ओळ गायली गेली. दोन दिवस थंडीतून आलेल्या नास्ताझियाचा गळा बसला होता. ती नुसती उभी होती, आणि राग अजून उतरला नव्हता. उतरायला कारणही नव्हतं. ओर्मान्नो शेवटपर्यंत त्या अक्षरांना रोमनच म्हणत राहिला. पुढं छपाईचे, शिशात ओतलेले अक्षरांचे खिळे निघाले, तीच गोल अक्षरं डोंगरांपलीकडं देशोदेशी गेली, आणि राजांची फर्मानं नि वैद्यांची पुस्तकं त्यांतच छापली जाऊ लागली. रोमनांच्या नावावर.

रोट्लिंदासाठी निदान तिची ओळ आहे. नास्ताझियासाठी कुणी दोन शब्दही लिहिले नाहीत. म्हणून माझं एवढं मागणं ऐका. आपल्या गेलेल्या माणसांची नावं तुम्ही जेव्हा घ्याल, तेव्हा त्यांना लागून एकदा हिचंही घ्या. आणि जमलं तर गाऊन घ्या.