काचेपलीकडचा आवाज

“आवाज आला की बटण दाबायचं, हवालदारसाहेब,” असं सांगून डॉक्टर कोठावद्यांनी कान तपासायच्या काचेच्या खोलीचं जाड दार लावून घेतलं.

रंगनाथची उमर तोफेजवळ गेली होती. आता तो पिंपळगाव बसवंतला मळा बघत होता. तोफखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या कानांचं पुढं काय होतं, याचा डॉक्टरीणबाई अभ्यास करत होत्या. म्हणून १९८४च्या त्या उन्हाळ्यात तो बायकोला, बायडाबाईला, घेऊन गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात आला होता.

घुमणारे आवाज त्याने टिपले. मग अंगठा बटणावर नुसताच थांबून राहिला.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत.”

“मशीन बंद पडलं आसंल, म्याडम. हिला बसवून बघा बरं.”

बायडाबाई लाजत आत बसली. रंगनाथ काचेला नाक लावून उभा राहिला. डॉक्टरांनी तेच आवाज सोडले आणि तिने लगोलग बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मान कलती करून ती हसली. रंगनाथ तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला.

“कसा व्हता गं?” ती बाहेर येताच त्याने विचारलं.

“चिमणीच्या पिल्लावानी. लय बारीक.”

“आन् हसलीस कशापायी?”

“गेला म्हनावं, तर पुन्ना यायचा.”

“बायकापोरांच्या बोलण्यातलेही बारीक आवाज असेच निसटतात,” डॉक्टर म्हणाल्या. “कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. मागून बोललं तर तेवढंही नाही.”

बायडाबाईचं हसू मावळलं. “म्हंजे मी बांधावरून हाका मारायचे त्या...? मला वाटलं, हवालदार झाले, आता कशाला वळून बघतील. मंग बोलायचंच सोडलं मी.”

“मला वाटलं, तूच अबोल झाली,” रंगनाथ म्हणाला. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, “कान परत येतील?”

“नाही. पण सगळ्याच तोफवाल्यांचं असं होतं का, ते कळलं तर पुढच्या जवानांचे कान वाचवता येतील.”

“मंग आमच्या भिकनला आणतो. तोबी तोफेवर व्हता. तो आन् त्याची बायको दिसभर भांडत्यात.”

एसटी स्टँडवर गर्दी होती. बायडाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याच्या हनुवटीला दोन बोटं लावली आणि त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला.

“च्या घेता का?” तिने विचारलं.

तिच्या ओठांकडे बघत तो म्हणाला, “घेऊ.”