एकच जागा

जिल्ह्याच्या गावी मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा निघाली आणि वसमत तालुक्याच्या वाट्याला तिथली एकच जागा आली. लेकरू निवडायचं काम विस्तार अधिकारी तातेरावांच्या गळ्यात पडलं. दुष्काळात सुकडी वाटण्यापासून कुटुंबनियोजनाच्या केसेस आणण्यापर्यंत सगळं करून ते आधीच विटले होते.

फिरून फिरून शेवटी दोन लेकरं उरली. हट्ट्याच्या नर्मदाबाईचा सात वर्षांचा पोरगा आणि कुरुंद्याच्या जळबाची दहा वर्षांची पद्मा. पद्मा ओठांकडं बघून निम्मं समजून घ्यायची. पोरगा कुणाकडं बघतच नव्हता. त्याचा बाप वारलेला. विहिरीच्या भीतीनं आई त्याला बाजेला बांधून कामावर जायची.

तातेरावांनी पोराचं नाव पाठवलं आणि जळबाला सांगायला स्वतः कुरुंद्याला गेले. जळबा हळदीच्या कढईखाली जाळ घालत होता.

"काहून साहेब? माझी पोरगी तर समजदार हाय."

"म्हणूनच," तातेरावांच्या तोंडून निघून गेलं आणि ते ओशाळले.

जळबानं लाकडं आत सारली. "म्हंजे बांधून ठेवली असती, तर गेली असती?"

नियमाकडं बोट दाखवता आलं असतं. पण खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "जागा एकच होती. मीच ठरवलं, जळबा."

"मग गावच्या शाळेत तरी बसू द्या तिला. मास्तरनं घरी धाडून दिली."

तातेराव तसेच शाळेत गेले. ग्यानबा मास्तर वैतागलेच. "साठ पोरं हायेत साहेब. हिला ऐकू येत न्हाई, शिकवू कसं?"

"पुढं बसवा. तिच्याकडं तोंड करून बोला, बस."

"बघतो."

जूनमध्ये नर्मदाबाईचा पोरगा जिल्ह्याच्या शाळेत गेला. दिवाळीनंतर तातेराव कुरुंद्याला आले, तेव्हा पद्मा पहिल्या रांगेत होती. मास्तर मात्र फळ्याकडं तोंड करून धडा सांगत होते, आणि ती त्यांच्या पाठीकडं बघत होती.

"मास्तर," तातेरावांनी दारातून हाक मारली.

मास्तर वळले. "ध्यानात राहत न्हाई साहेब."

रागवायचा जोर तातेरावांत उरला नव्हता. ते आत आले, मागच्या भिंतीला टेकून पोरांमध्येच खाली बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाहीत. तेवढा वेळ मास्तर पोरांकडं तोंड करून बोलत राहिले. पद्माची नजर त्यांच्या ओठांवरून हलली नाही.