कडेला उभी सखुबाई

रुचिरा पेडणेकर वाइड लेन्स घ्यायला निघाली होती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडचे लग्नाचे हॉल पाहिलेत ना तुम्ही? स्टेजवर नवरानवरी, दोन्ही बाजूंना अख्खं खानदान, आणि फोटोग्राफर चार पावलं मागे सरकला की त्याची पाठ खुर्च्यांच्या पहिल्या रांगेला टेकलीच. एवढ्याशा जागेत तीस माणसं एका फोटोत मावायची तर वाइड लागते. जवळ उभं राहूनही ती सगळं स्टेज कवेत घेते. दोन वर्षं रुचिराने दुसऱ्यांच्या हाताखाली लग्नं शूट केली ती एका जुन्या, स्वस्तातल्या वाइडवरच. आता स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं होतं, म्हणून अंधेरीतल्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या धवलने नवी कोरी, झकास वाइड तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

काम होतं वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या कृणालच्या लग्नाचं. पंधरा दिवस आधी ती बोलणी करायला त्याच्या घरी गेली. कुठले विधी, कोण कोण पाहुणे, सगळं लिहून झालं, तसा कृणाल हळूच म्हणाला, "ताई, बाकी फोटो कसेही काढा. पण ग्रुप फोटोत आई पाहिजे. एवढं एकच बघा."

"त्यात काय बघायचं? उभं करू त्यांना."

"तेच तर ना. ती उभीच राहत नाही."

तेवढ्यात त्याची आई, सखुबाई, चहा घेऊन बाहेर आली आणि रुचिरा बघतच राहिली. उंच, रुंद खांद्यांची, सरळ नाकाची बाई. मान अशी ताठ, की समोरचीने आपोआप पदर नीट करावा. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासे विकून तिने तीन पोरं वाढवली होती. हिला कसली आलीय फोटोची भीती, रुचिराला वाटलं. उलट कॅमेऱ्यानेच हिला वचकून असावं.

"बघ गो, तूच बघ," म्हणत सखुबाईने कपाटातून आल्बम काढले. पुतण्याचं लग्न, नणंदेच्या मुलीचं, भाच्याचं. दरवेळी ग्रुप फोटोत सखुबाई आपली कडेला. नवरा नसलेली बाई, कोणी मधे बोलावलं तरी "असू दे, असू दे" करत स्वतःच बाजूला सरकलेली. आणि दरवेळी तोंड आडवं ओढलेलं, दंड दुप्पट झालेला, गाल पार कानापर्यंत गेलेला. पुतण्या तिला हसत हसत 'भिंत' म्हणायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची. पण भाच्याचा आल्बम आला आणि तिने कानाला खडा लावला.

"मना नको," ती म्हणाली. "पोराच्या लग्नात मागचं सगळं मी बघेन. पण त्या आल्बमात माझं हे ध्यान नको. सुनेच्या माहेरचे काय म्हणतील?"

 रुचिरा एकदा आल्बमकडे बघत होती, एकदा बाईकडे. दोन्हीत काही म्हणता काही मेळ नव्हता, आणि तो का नव्हता हे तिला चांगलं ठाऊक होतं. वाइड लेन्स मधल्या माणसाला काही करत नाही. कडेच्याला मात्र ती आडवं ताणते. धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं, पण लग्नाच्या गडबडीत बघतंय कोण? आणि कडेला उभं कोण राहतं हो? विधवा काकू, गरीब मावसबहीण, 'मी जाडी दिसते' म्हणून मागे मागे राहणारी आत्या. जी आधीच बाजूला सरकली, तिचीच आम्ही फोटोवाल्यांनी वाट लावायची आणि वर आल्बमला सोनेरी बॉर्डर करायची. धन्य आहे आमची.

चारकोपला घरी पोचल्या पोचल्या रुचिराने आपलं जुनं काम उघडलं. दोन वर्षांची लग्नं, आणि प्रत्येकात डावीकडे एक, उजवीकडे एक ताणलेली बाई. एका फोटोत तर तिची सख्खी मावशी होती. "छान आलेत गं फोटो," असं मावशी तेव्हा म्हणाली होती, पण तिने एकही प्रत मागितली नव्हती. रुचिराला स्वतःची इतकी लाज वाटली, की आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी ती जागची उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि म्हणाली, "धवल, वाइड राहू दे. फिफ्टी दे."

"वेडी झालीस काय? फिफ्टीत अर्धं स्टेज कापलं जाईल."

"मी मागे जाईन."

"मागे कुठे? भिंतीत घुसणार?"

त्याचं बरोबर होतं. फिफ्टी, म्हणजे पन्नास एमएमची साधी लेन्स, आपल्या डोळ्याला दिसतं तसंच माणूस दाखवते, पण त्यासाठी फोटोग्राफरला लांब उभं राहावं लागतं. रुचिराने वाद घातला नाही. तिने धवललाच काउंटरच्या टोकाला उभं केलं, फोटोच्या अगदी कडेला येईल असा, आणि एक फोटो वाइडने काढला. मग दुकानाच्या दारापर्यंत मागे जाऊन दुसरा फिफ्टीने. धवलने दोन्ही बघितले. "आयला," एवढंच म्हणाला आणि वाइड खोक्यात घालून वर ठेवून दिली.

फिफ्टी घेऊन ती तशीच मासळी बाजारात गेली. सखुबाई सुरमईचे तुकडे करत होती. रुचिराने धवलचे दोन्ही फोटो तिला दाखवले आणि सगळा प्रकार समजावला. "मावशी, दोष तुमचा नव्हता. लेन्सचा होता. आणि ती लावणाऱ्यांचा."

सखुबाईने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, मोबाईलात पण हल्ली सगळ्या गोऱ्या नि बारीक होतात. तू पण तसलंच काय तरी केलंस. मना बरं वाटावं म्हणून."

पंचवीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती. सांगितल्यावर विश्वास ठेवत असती तर तिसऱ्याच दिवशी शिळा माल घेऊन बसली असती. रुचिराने गळ्यातला कॅमेरा काढून तिच्यापुढे धरला. "मग तुम्हीच काढा."

सखुबाईने हात धुतले, पदराला पुसले. शेजारच्या पाटीवरच्या नीलाला तिने उभं राहायला सांगितलं. आधी जुनी वाइड. नीला कडेला येईल असा कॅमेरा कसा धरायचा ते रुचिराने दाखवलं, बटण सखुबाईने दाबलं. मग रुचिराने तिच्या डोळ्यांदेखत लेन्स बदलली. सखुबाई कोळंबीच्या ढिगापर्यंत मागे गेली आणि तिने पुन्हा बटण दाबलं. मग ती दोन्ही फोटो बघत बसली, पापलेटचे कल्ले उघडून बघावेत तितक्या बारकाईने. नीलाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा नीलाकडे. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, त्याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"लग्नाला यातली कुठली आणणार?" शेवटी तिने विचारलं.

"ही. फिफ्टी."

"नि हॉलात माणसं मावली नाय तर?"

"मावतील."

"बघते," सखुबाई म्हणाली आणि तिने कोयता उचलला. हो नाही, नाहीही नाही. रुचिराचा जीव लग्नाच्या दिवसापर्यंत टांगणीला.

लग्न लागलं. कृणाल आणि नवरी अक्षता स्टेजवर उभे, आजूबाजूला गोतावळा चढू लागला. रुचिराच्या एका खांद्यावर फिफ्टी लावलेला कॅमेरा, दुसऱ्यावर अडीअडचणीला ठेवलेला जुना, त्याला ती वाइड. सखुबाई स्टेजच्या खाली, पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभी. वर जावं की मागच्या मागे स्वयंपाकाकडे निघून जावं, तिचं ठरत नव्हतं. तिची नजर रुचिराच्या हातांवर होती.

आणि नेमके तेव्हाच कृणालचे काका हरेश्वर पुढे आले. कोळीवाड्यात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. "मॅडम, तो दुसरा कॅमेरा घ्या ना. सगळे मावतील. जेवणं खोळंबलीत."

चूक काय होतं त्यांचं? एक बटण, अर्ध्या मिनिटाचं काम. पहिलंच काम, वर घरातल्या मोठ्या माणसाला नाही म्हणायचं, म्हणजे पुढच्या कामांवर पाणी सोडायचं.  "नाही काका, मीच मागे जाते," रुचिरा म्हणाली. तिने जुना कॅमेरा खांद्यावरून उतरवला, वाइड काढली, बॅगेत टाकली आणि चेन बंद केली. सगळ्यांसमोर.

सखुबाईने दुसरा पाय उचलला आणि ती वर चढली. कृणाल मधे बोलावत होता, तरी सवयीने ती उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. रुचिराने तिला हलवलं नाही. जिथे उभं राहावंसं वाटतं तिथे बाईने उभं राहावं. तिथेच ती नीट दिसली पाहिजे, आणि ते आपलं काम आहे.

रुचिरा मागे जाऊ लागली. एक रांग, दोन रांगा. एवढ्यात सखुबाईची नजर मागच्या खुर्च्यांकडे गेली. तिथे बाजारातल्या तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या, अंगभर सोनं, नवी लुगडी, आणि फोटोचं नाव निघताच एकमेकींच्या आड. "अगो नीला," सखुबाईने वरूनच हाक दिली, "या गो सगळ्या. ही पोर कोणाला पसरवत नाय."

मग काय विचारता. एकदोन नाही, चांगल्या चौदा बायका उठल्या. स्टेज डावीकडून भरलं, उजवीकडून भरलं, आणि रुचिरा मागे मागे जात राहिली. हरेश्वरकाका आधी कपाळाला आठ्या घालून बघत होते. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच खुर्च्या बाजूला ओढून तिला वाट करू लागले. हॉलचं दार आलं. दोन पायऱ्या उतरून रुचिरा गल्लीत आली, तरी फोटोत डावीकडची एक बाई कापली जात होती. आणखी चार पावलं. मागे रिक्षा थांबल्या, एकाने हॉर्न दिला, तसे काका भर रस्त्यात आडवा हात करून उभे राहिले. "थांब रे जरा. घरचा फोटो चाललाय."

दाराच्या चौकटीत, सत्तर माणसांत एकही कापलेलं नाही, एकही ताणलेलं नाही. रुचिराने बटण दाबलं.

जेवणाच्या पंगती बसल्यावर सखुबाई तिच्याकडे आली आणि तिने हात पुढे केला. रुचिराने कॅमेरा दिला, फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. सखुबाईने आधी नीलाला शोधलं, मग बाकीच्या मैत्रिणी एकेक करून बघितल्या. मग उजव्या टोकाला स्वतः. तिथे ती बराच वेळ थांबली. मग मधे कृणाल. पुन्हा स्वतः. पुन्हा कृणाल.

"सगळे म्हणतात पोरगा बापावर गेलाय," ती म्हणाली. "मी पण आजवर तेच सांगत आले."

रुचिराने कृणालचा चेहरा आणखी मोठा केला.

"माझ्यावर गेलाय गो तो," सखुबाई म्हणाली, आणि कॅमेरा परत न देता ती तशीच कृणालला दाखवायला निघाली.