लाल दिव्याचा अर्थ

मी एक जुनी क्वांटम पेटी आहे. भीमपूरकडे, पैनगंगेकाठच्या एका गावात, पंचायतीच्या खोलीत राहते. मित्रांनो, दिसायला मी साधा डबा, पण काम जोखमीचं. धरणावरून आलेला निरोप खरा आहे की कुणा तोतयाने धाडला, हे मी ओळखते.

माझी जुळी बहीण धरणावर आहे. काचेच्या बारीक तारेतून ती प्रकाशाचे कण पाठवते आणि त्यांतून आम्ही दोघी सारख्याच गुप्त खुणा तयार करतो. वाटेत कुणी डोकावलं तर प्रकाश बिघडतो, आम्हाला लगेच कळतं. प्रत्येक निरोपाला नवी खूण. वापरली की संपली. खूण जुळली की हिरवा दिवा, नाही जुळली तर लाल. हिरवा लागला की पंचायतीचं काम पाहणाऱ्या विमलबाई भोंगा वाजवतात.

मी येण्याआधी फोनवर एक खोटा निरोप आला होता. पाणी सोडलं म्हणून गाव टेकडीवर पळालं आणि मागे चोरांनी शेळ्या नेल्या. पुढचा निरोप खरा होता, पण कुणी हललं नाही. गावातल्या चंपतरावांचा भाऊ त्या पाण्यात गेला. म्हणून गावाने मला जिवापाड जपलं.

जपण्यातच घात झाला. खंडेनवमीला विमलबाईंनी मला पुसलं, तार काढून तिच्या टोकालाही हळदकुंकू लावलं आणि परत बसवली. टोकावरच्या कुंकवाने प्रकाश अडला आणि मी आंधळी झाले. साठवलेल्या खुणा रोजच्या चाचणीत संपल्या, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि बिनतारी यंत्रावर निरोप आला: धरणाची दारं उघडली, काठ सोडा. माझ्याकडे खूणच नव्हती. लाल दिवा लागला. धरणावर फोन लागेना. चंपतरावांची बायको जयवंताबाई काठच्या वावरात कापूस वेचत होती, तरी ते म्हणाले, "लाल हाय न बाई. खोटाच असन. काऊन लोकायले पळवता?"

विमलबाई भोंग्याच्या बटणापाशी गेल्या. पुन्हा फसगत झाली तर भोंग्यावर कोण विश्वास ठेवणार?

"लाल म्हंजे खोटा नाई, भाऊ. वळख पटली नाई, इतकंच. पेटीले सांगता येऊन नाई राह्यलं." असं म्हणून त्यांनी भोंगा वाजवला.

जयवंताबाई ओटीतल्या कापसासकट वर आली. मागे वळून पाहिलं तर वावर पाण्याखाली. चंपतराव तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले.

पुढे दुरुस्तीवाल्याने तारेचं टोक पुसलं. पांढऱ्या फडक्यावर कुंकू उमटलं. ते पाहून विमलबाईंनी तोंडाला पदर लावला. मला त्यांचा राग नाही. एवढ्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

मित्रांनो, कुंकू माझ्या झाकणाला लावा, तारेला नको. आणि कधी मला ओळख पटली नाही, तर निरोप खोटा ठरवून बसू नका. आधी काठावरच्या माणसाला हाक मारा.