आधी सरांचा आकडा

एकनाथरावांनी आकाशाची काचेवरची प्लेट उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि भिंग जवळ ओढलं. मोतीबिंदू काढल्यावर आज पहिल्यांदाच ते वेधशाळेत आले होते. या उलट्या छायाचित्रात तारे म्हणजे काळी टिंबं, दीर्घिका म्हणजे पुसट डाग. कोपऱ्यातल्या चौकोनात एकोणीस डाग आहेत, हे त्यांना पाठ होतं.

त्यांनी मोजले. एकतीस भरले. पुन्हा मोजले, एकतीसच.

तेजश्री विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हापासून दोघं मिळून आभाळ मोजत होते. दीर्घिका कुठे दाट, कुठे विरळ, यावरून विश्वात द्रव्य किती याचा अंदाज बांधायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडा बोलायचा. अदब म्हणून आधी सर, मग ती. आकडे जुळत. पुण्याच्या परिषदेत कुणी शंका काढली, तेव्हा भिडस्त एकनाथराव चक्क आवाज चढवून म्हणाले होते, "दोघांनी मोजलंय, एकमेकांना न विचारता!"

त्यांचे डोळे गढूळ होते. पण तिचे?

तेजश्री उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आली. हल्ली ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि कंपनी तिला अमेरिकेला पाठवत होती.

"काय सर, नवे डोळे काय म्हणतात? आता सिकंदराबादच्या बसला जामबागची समजून हात करणार नाही ना?"

"बघू. जाण्याआधी एवढा चौकोन मोज."

"निरोप घ्यायला आले, तर कामाला जुंपलंत!" हसत ती भिंगावर वाकली. बराच वेळ तशीच होती. मग म्हणाली, "झालं. सांगा सर, तुमचा आकडा."

एकनाथरावांनी खिशातला जुना चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.

"एकोणीस."

"हौ सर. एकोणीसच."

त्यांनी बिस्किटांचा पुडा न उघडताच खिडकीत ठेवला.

"मला आता एकतीस दिसतात, तेजश्री."

तिचं हसू तिथंच थांबलं.

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाटायचं, आपण दोघं मोजतोय."

एकनाथरावांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस. आता शेजारचा चौकोन मोज. या वेळी आधी तू सांग."

ती बसली, भिंगाला डोळा लावला. चौकोन तेवढाच होता, पाच मिनिटांचं काम. खालचा चहावाला कप ठेवून गेला, चहा निवला, त्यावर साय धरली. तेजश्री मान वर करेना.