बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

आम्ही शिंपी. चिंधीसुद्धा टाकवत नाही, मग गोळ्या कशा टाकू? धाकट्या भावाचा ताप उतरला की मी म्हणायची, "उतरला ना? मग बंद." उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात. पुढच्या खेपेला त्यातल्याच दोन, कधी घशाला, कधी दाढेला. वीस वर्षं हेच चाललं, आणि कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं.

या खेपेला कात्रीनं धाकट्याचं बोट कापल्याचं निमित्त झालं. दोन गोळ्या दिल्या, तरी हात कोपरापर्यंत सुजला. जंतू रक्तात गेले आणि धाकटा थेट अतिदक्षता विभागात. डॉक्टरीणबाईंनी लगेच नाना तऱ्हेच्या जंतूंवर चालणारं जबर अँटिबायोटिक सुरू केलं. तीन दिवस झाले, ताप ढिम्म हलेना.

"घरी कोणत्या गोळ्या घेत होते?" बाईंनी विचारलं.

मी डबाच नेऊन ठेवला. बाईंनी बटणं बाजूला सारली आणि एकेक पाकीट रक्ताच्या रिपोर्टाशेजारी मांडलं. रिपोर्टात या जंतूंवर तपासून पाहिलेली चौदा औषधं होती. तेरा निकामी. त्यातली पाच माझ्या डब्यातली.

"म्हणजे हे मीच केलं?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत. असे जंतू बाहेरूनही येतात. पण अर्धवट औषधानं कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात."

अहो, मग मी केलं की नाही केलं? एक काय ते सांगा ना! माझं डोकंच चालेना. चिडले होते खरी, पण बाईंवर की स्वतःवर, तेही उमजेना.

उरलेलं एकच औषध मूत्रपिंडाला बाधू शकत होतं, म्हणून माझी सही हवी होती. जन्मभर कापडावर सरळ रेघ मारणारी मी, पण सही वेडीवाकडी झाली. देवा, एवढा एकच भाऊ आहे मला.

नवं औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ताप उतरला. धाकट्यानं डोळे उघडले. नर्स पुढचा डोस लावत होती. तो तिला हळूच म्हणाला, "ताप उतरलाय ना? मग बंद करा की. माझी ताई बंदच करते."

किती विश्वासानं म्हणाला! हसावं की रडावं, मला कळेना.

"गप पड!" मी एवढ्यांदा ओरडले की सगळे वळून बघायला लागले. "ताईला काही कळत नाही."