झेलीआत्याची भाची

या, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. सगळ्यांनी मिळून स्तोत्र गायल्यावर छाती कशी हलकी होते, तशी होईल.

झेलीआत्याने चेस्टनटच्या सूपची पहिली वाटी नुकत्याच आसऱ्याला आलेल्या ज्यू पेर्लापुढे ठेवली आणि तेवढ्यात फौजदार फुलक्रां दार ढकलून आत आला. युद्धाचे दिवस; फ्रान्सच्या या डोंगरात लपलेले ज्यू हुडकायला जर्मनांनी त्याला घरोघर धाडलं होतं.

"ही कोण?"

"भाची माझी. लुसी. भावाची मुलगी."

नऊ वर्षांची पेर्ला गारठली. आधी ज्या कॅथलिक मठात ती लपली होती, तिथल्या नन्सनी बजावलं होतं, परका माणूस दिसला की क्रुसाची खूण करायची. तिने घाईघाईने कपाळ, छाती, मग उजवा खांदा, मग डावा खांदा शिवला.

आत्याच्या हातातली पळी थबकली. हा सगळा डोंगर प्रॉटेस्टंट, आणि ही खूण कॅथलिकांची. चारशे वर्षांत इथे कुणी क्रुसाची खूण केली नव्हती.

"तुमच्या घरात हे कधीपासून?" फौजदाराने भुवई उंचावली.

आत्याने पळी आपटली.

"घालवलीस ना अब्रू, कार्टे! आता काय लपवू, फौजदारसाहेब? भावाने कॅथलिक बायको केली. कितीदा सांगितलं, अरे, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावणारी आणू नकोस!"

जन्मात पहिल्यांदा ती खोटं बोलत होती, आणि झकास बोलत होती.

फुलक्रां स्वतः डोंगराखालचा, कॅथलिक. तो लालबुंद झाला.

"मेणबत्त्यांना नावं ठेवू नका, बाई! माझी आई रोज लावते."

"तरीच तुमच्या डोक्यात काजळी!"

"आणि तुमचं चर्च? नुसत्या भिंती! त्यापेक्षा गोठा बरा!"

"गोठ्यातच जन्मला हो प्रभू!"

पेर्ला खुदकन हसली. मग तोही हसला. कागदपत्रं न मागताच त्याने टोपी चढवली.

दाराशी पोहोचल्यावर तो पोरीपाशी वाकला.

"डावा खांदा आधी, बाळ. मग उजवा."

आणि आत्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी हिला वरच्या कुरणात न्या. इथे वारा फार सुटेल."

गुरुवारी जर्मनांचे ट्रक आले, तसेच रिकामे गेले. वर कुरणात पेर्ला आत्याला दाविदाचं स्तोत्र हिब्रूत म्हणून दाखवत होती. आत्याला अक्षरही कळत नव्हतं, पण ठेका तिने बरोबर धरला होता.

आत्याचं नाव आमच्या चर्चच्या भिंतीवर कोरलंय. फुलक्रांचं कुठेच नाही. आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा तेवढं एक नाव घ्या.